काई झालं न्हाई, हळू या

दार तोडत हुते. मला वाटलं सपान हाय. पारईनं कडी उचकटल्याचा आवाज, बाहेर बाया ऊर बडवत्यात, कोनतरी "अगं सोने, अगं माझ्या लेकरा" म्हनून माझ्याच नावानं रडतंय, आन आत, माझ्या उशापाशी, एक बाई त्या समद्यांहून मोठ्यानं हंबरडा फोडतीय. ती बाई कोन ते मला कळंना. मी उठून बसले तवा दार आत पडलं, दुपारचं ऊन डोळ्यांवर आलं, आन धाबारा मानसं चौकटीत उभी, समदी माझ्याकडं बघत्यात आन मी त्यांच्याकडं. चिऊ माझ्या कुशीत झोपलेली. माझी पोरगी, तवा दात येत हुते तिला. ती हललीसुदिक न्हाई.

शेजारच्या जनाक्कानं पयलं चिऊच्या नाकापुडं बोट धरलं. मग माझ्या तोंडाकडं बघितलं. "जित्त्या हायेत दोघी," ती मागं वळून म्हनली. "मग रडतंय कोन?"

रडत हुता तो डब्बा. आमच्या ह्यांनी आनलेला, ब्लूटूथचा, मुठीएवढा पन आवाज पार चावडीपोतर जायचा. सकाळी ह्यांनी फोनवर एक गानं पाठवलं हुतं, तेच्यातली बाई रडत हुती. गानं संपलं की परत पयल्यापासून लागायचं, आन मी आपली मेल्यावानी झोपलेली. मी डब्बा बंद केला. समदं गप झालं. तेवढ्यात नामदेव भाऊजी, माझे चुलत दीर, हातातली पारई भिताडाला टेकवून हळूच म्हनले, "वहिनी, मी संदीपला फोन लावला हुता."

"काय सांगितलं?"

"सांगितलं, निघून ये. जरा शिरेस हाय."

मंजी हे मोटरसायकलवर बसले असनार. मंजी ह्यांच्या मनात आता आमच्यातलं कोनतरी मेलेलं असनार.

हे तुमाला शहरात कळायचं न्हाई म्हनून सांगते. माझं म्हायेर पाथर्डीकडं. दिवाळी झाली की आमचं निम्मं गाव टरकात बसायचं, भांडी, गोधड्या, कोंबड्या समदं घिऊन, आन उसाच्या फडावर जाऊन पाचटाच्या कोपीत ऱ्हायचं ते पार ऊन तापस्तोवर. म्हनून तर माझी साळा अर्धी ऱ्हायली, दरसाल निम्मं पुस्तक गावात आन ऱ्हायलेलं निम्मं न्हाईच. एका साली फडावर मुकादमाच्या मोबाईलवर दादांना, मंजी माझ्या वडलांना, फोन आला. दादा नुसतं "बरं" म्हनले आन फोन दिला परत. आईनं इचारलं, काय वो. दादा म्हनले, गावाकडं जरा शिरेस हाय म्हनत्यात, निवांत या म्हनले. आईनं कोन ते इचारलंच न्हाई. तिनं कोयता खाली ठिवला आन तितंच तोडलेल्या उसावर बसून गळा काढला. मी म्हनले, आई, शिरेस मंजी अजून हाय ना जित्तं. आईनं माझ्याकडं असं बघितलं की मी परत इचारलं न्हाई. आमच्यात फोनवर कोन गेलं ते सांगत न्हाईत. मानूस लांब असतो, वाटंत असतो, धसक्यानं काय करून घील म्हनून सांगत्यात, शिरेस हाय, गडबड करू नका, हळू या. चांगल्या मनानं सांगत्यात. पन ऐकनाऱ्याला म्हाईत असतं. खरं शिरेस असल्यावर कुनी शिरेस म्हनत न्हाई, दवाखान्याचं नाव सांगत्यात.

आता परत हंगाम लागलाय. कारखान्याचा भोंगा सकाळी ऐकू येतो. दोरीवर वाळत घातलेली कापडं काढाय गेलं की त्याच्यावर काजळीची काळी काळी किडं, झटकलं की डाग पडतो, न्हाई झटकलं तरी पडतो. मळीचा वास तर पान्यालासुदिक येतो, गोड आन आंबलेला, घरात कोनतरी लई दिस आजारी असल्यावर येतो तसा. म्हशी खूष असत्यात, उसाच्या शेंड्याचं वाढं मिळतं हिरवंगार. आन रस्त्यानं ट्रॅक्टर, एकामागं दोन दोन ट्रॉल्या, ऊस बाहेर आलेला, प्रत्येकाच्या टेपवर निराळं गानं. घरात बसून कळतं कोन चाललंय. देवीचं गानं लागलं की तो अमक्याचा, लावनी लागली की तमक्याचा. आन मागच्या हंगामात एक ट्रॅक्टर असा हुता की तो आला की कुत्री भुकायची. तो आमचा.

हे पयलं बँडात क्लॅरनेट वाजवायचे. शेवगावापासून पार गेवराईपोतर लग्नं मारलेली. माझ्या लग्नात नवरदेव सोताच वाजवाय लागला तवा माझे मामा म्हनले, पोरीला वरातीत बसवलीय का वाजंत्र्यात दिलीय. मग डीजे आले, बँड मोडला. हे ट्रॅक्टरवर गेले. क्लॅरनेट माझ्या जुन्या साडीत गुंडाळून फळीवर. पन मन फळीवर ठिवता येत न्हाई. एक दिवस ह्यांनी मोबाईलपुडं तोंड करून नुसतं "क्लॅरनेट" म्हनलं आन फोननं भलतंच काढून दिलं. कुठल्या तरी लांबच्या देशातलं लग्नाचं वाजाप. क्लॅरनेट हसतंय का रडतंय तेच कळंना. हे उठून उभे ऱ्हायले. म्हनले, सोने, ही आपलीच वरात हाय की गं, मानसं तेवढी निराळी.

पुडं एकदा मी इचारलं, कोनाची वरात हुती ती?

"यहुदी लोकांची."

"ते कोन?"

"सर म्हनत्यात आपल्याकडं कोकनात हुते ते. तेलाचा घाना चालवायचे आन शनवारी बंद ठिवायचे, म्हनून लोक शनवारतेली म्हनायचे. मराठीच बोलायचे घरात. बरेच निघून गेले."

"मग इतकं रडवं का वाजवत्यात लग्नात?"

"तूबी रडलीच की तुझ्या लग्नात."

सर मंजी नगरचे, चित्रकलेचे मास्तर हुते, आता घरीच असत्यात. ह्यांनी त्या गान्याखाली चार शब्द लिहिले हुते ते वाचून सरांनी ह्यांना एका ग्रुपमदी घेतलं. ग्रुपचं नाव तिरपा सूर. मोजकीच मानसं. एक पुन्याच्या गौरी म्याडम, त्या कंप्यूटरवर काम करत्यात. एक काष्टीचा मेडिकलवाला. समद्यांना असलंच लागायचं, मोडकं-तोडकं, सॅक्सोफोन किंचाळनारा, ढोल वाट्टल तसा, आन मधीच एकदम जुनी परार्थना. नवी रेकॉर्ड निघाली का ह्यांचं सुरू. मी भाकरी थापताना ऐकायचे, हे बोलून पाठवायचे आन त्यांचंबी बोलनंच यायचं. मेडिकलवाल्याच्या मागं बाजाराचा गोंधळ असायचा. "थांबा हो मावशी, खोकल्याचं देतो. हां, तर सर, ढोल नको होता. प्रार्थना चांगली चालली होती, ह्यानं मध्ये पत्रा वाजवला."

सर म्हनायचे, "अहो, मोडल्याशिवाय जुनी प्रार्थना आता ऐकूच येत नाही. सवयीनं कान मरतो."

"मोडा की सर. पण परत जोडता आलं पाहिजे ना?"

मग गौरी म्याडम, बारीक आवाजात, "कशाला जोडायचं? मोडलंय म्हणूनच वाजवतायत ते. संदीपदादा, तुम्ही सांगा, तुम्हाला काय वाटलं?"

आन हे चुलीपाशी बसून, चिऊला मांडीवर घिऊन, फोन तोंडाशी धरून सांगायचे, "म्याडम, ह्यो क्लॅरनेटवाला नवरदेवाला घोड्यावर बसवून वाट चुकलाय. आन आता त्याला चुकलेली वाटच ग्वाड लागाय लागलीय." तिकडून तिघांचं हसनं यायचं. त्या दिवशी ह्यांना जेवान जायचं न्हाई खुशीनं.

कारखान्यावर ट्रॅक्टर नंबराला लागले की दिवसदिवस रांग हलत न्हाई. हे टेपवर तेच लावून बसायचे. बाकीचे डायवर यायचे, "ए बँडवाल्या, तुझ्या ट्रॉलीत कोनाला कापत्यात का रं?"

"कापत न्हाई. बारसं हाय."

"लेकरू पळून गेलं आसल मग."

त्यांच्यात हे एकटेच तसले. पन एकटे वाटायचे न्हाईत, फोन हुता ना. मला त्यातलं कळायचं न्हाई पन एक हुतं, चिऊ पोटात हुती तवापासून तिनं हेच ऐकलेलं. अंगाईनं ती डोळं उघडायची आन सॅक्सोफोन किंचाळला की मिटायची. आत्याबाई, माझ्या सासूबाई, म्हनायच्या, बापाचीच लेक, कानच उलटं बसवल्यात.

त्या दिसाचं सांगते. दातांमुळं चिऊला ताप, दोन राती तिनं झोपू दिलं नव्हतं, मी भितीला धरून चालत हुते. सकाळी ग्रुपवर नवी रेकॉर्ड आली. ह्यांनी ती मला पाठवली आन वर बोलले, "सोने, मोठ्यानं लावून ऐक. सर म्हनत्यात कानात घालून न्हाई, खोली भरून ऐकायचं. मी नंबराला हाय, अजून ऐकलं न्हाई. संध्याकाळी दोघं बोलू." आत्याबाई वाढं आनाय रानात गेल्त्या. दुपारी कुत्री आत येत्यात म्हनून मी दाराला कडी घातली. डब्बा मोठ्यानं लावला. एक बाई, सोबत सॅक्सोफोन, शब्द कळंनात, पन चिऊचं रडनं थांबलं. तिनं त्या बाईकडं कान दिला, मान टाकली, झोपली. तिच्यासंगं मीबी.

मागून कळलं, ती गानी त्या यहुदी लोकांतल्या मयताच्या घरी रडाय बोलवलेल्या बायांची हुती. जुनी. सरांनी तसं सांगितलं हुतं ग्रुपवर, आमी दोघांनी ते पुरतं ऐकायच्या आधीच ह्यांनी गानं पुडं पाठवलं आन मी लावलं. मंजी आमच्या गल्लीतल्या बाया चुकल्या नव्हत्या. त्यांनी बरुबर वळखलं. भाषा म्हाईत न्हाई, देश म्हाईत न्हाई, पन रडनं वळखलं आन हातातलं काम टाकून पळत आल्या. दार वाजवलं, उत्तर न्हाई, आत रडनं थांबंना. मग कुनाला काय वाटल?

आता फोन. दार पडल्यावर मी लगीच ह्यांना फोन लावला. उचलला. मागं गाडीचा आवाज, वारा; ट्रॅक्टर रांगंतच सोडून निघालेले.

"अहो, मी बोलतीय."

"काय झालं?"

"काई झालं न्हाई."

नुसता वारा.

"काई झालं न्हाई वो, नामदेव भाऊजींनी उगी फोन केला, त्यांना वाटलं..."

"चिऊ कुटंय?"

"झोपलीय. शांत झोपलीय."

बोलले आन माझ्याच कानाला ते कसं लागलं. खरंच झोपली हुती हो. दुसरं काय म्हननार?

"आईला दे."

आत्याबाईंना रानात कुनीतरी सांगितलं हुतं, पळा, तुमच्या घरात रडारड हाय. वाढ्याचा भारा बांधावर टाकून त्या अनवानी पळत आलेल्या, चिऊला छातीशी धरून बघितलं, खाली ठिवली, आन मग उंबऱ्यात बसून ढसाढसा रडाय लागल्या. पोरगी वाचली म्हनून रडत हुत्या. मी फोन त्यांच्या कानाला लावला. त्यांना म्हनायचं हुतं समदं बरं हाय रं. तोंडातून आलं, "संदीप रं... माझ्या बाळा..." आन पुडं हुंदकं.

मी फोन ओढून घेतला.

"आई का रडती?"

"तशीच. तुमी घाबरू नका. गाडी हळू चालवा. गडबड करू नका, निवांत या."

एक एक वाक्य फडावरच्या फोनमदलं. माझी जीभ मला आवरंना, जे टाळायचं तेच बाहेर येत हुतं, कारन दुसरी वाक्यं मला कुनी शिकवलीच न्हाईत. काळजीची जेवढी बोली आमच्याकडं हाय ती समदी मयताला वापरून झालेली.

ते म्हनले, "बरं."

दादा म्हनले हुते तसंच. आन फोन ठिवला.

रस्त्यावर उसाची ट्रॉली उभी हुती, पंक्चर झालेली, हे मागून तिच्यात घुसले. ट्रॉलीच्या मागं लाल कापड बांधलेलं हुतं का न्हाई, मला म्हाईत न्हाई, कोन म्हनतं हुतं, कोन म्हनतं नव्हतं. दिवसाढवळ्या, सरळ रस्ता. तितल्या मानसांनी सांगितलं, गाडीवाला पुडं बघतच नव्हता, डोळं पुसत हुता. डावा हात ट्रॉलीच्या खाली गेला. नगरच्या दवाखान्यात डाक्टर म्हनले, जीव वाचला हे बघा. डाव्या हाताला आता अंगठा हाय आन करंगळी हाय. क्लॅरनेटला वरची भोकं डाव्या हातानं झाकत्यात.

शुद्धीवर आले तरी डोळं उघडंनात. आत्याबाईंनी चिऊला नेऊन छातीवर ठिवली, तिनं ह्यांच्या मिश्या वढल्या, तवा डोळं उघडलं. लई येळ तिच्याकडं बघत ऱ्हायले. मग मला म्हनले, "खरं सांगायचं हुतंस."

मी म्हनले, "खरंच सांगितलं हुतं."

"व्हय," ते म्हनले. "पन मेल्यावर सांगत्यात तसं सांगितलंस."

त्याच्यावर आमी दोघं परत कधी बोललो न्हाई.

ग्रुपवर कळलं तवा मेडिकलवाल्यानं काय तरी लिहिलं आन पुसून टाकलं, नुसतं तितं दिसत ऱ्हायलं की मेसेज काढून टाकलाय. गौरी म्याडमनी मला फोन केला. रडत हुत्या, म्हनल्या, "मी ती रेकॉर्ड चारदा ऐकली, मला त्यात फक्त आवाजाचे खेळ ऐकू आले." मी म्हनले, म्याडम, रडू नका, फोनवर कुनी रडलं की मला भ्या वाटतं. सर दवाखान्यात येऊन गेले. खाटंच्या कडंला बसले, ह्यांचा उजवा हात हातात धरला, आन निघताना मला म्हनले, "खोली भरून ऐका असं मीच सांगितलं होतं." त्यांच्याकडं बघवत नव्हतं. त्यांच्यावर राग काढावा तर कसा, त्यांनी तर गान्याबद्दल सांगितलं हुतं.

आता हे कारखान्याच्या वजनकाट्यावर बसत्यात, ट्रॅक्टर आला की चिठ्ठी द्यायची, एका हाताचं काम. रांगंतले डायवर टिंगल करत न्हाईत. ती करायची बंद झाली तेच ह्यांना जास्ती लागतं असं मला वाटतं. टेप इकला. ग्रुपमदून निघाले न्हाईत पन बघतबी न्हाईत. परवा सरांनी इचारलं, वरीस संपत आलंय, कुनी काय काय ऐकलं ते सांगा. ह्यांनी फोन माझ्याकडं सरकवला. "तूच सांग. तूच ऐकतीस."

व्हय, मी ऐकते. ह्यांच्या माघारी. एका कानात वायर घालून, दुसरा कान दाराकडं मोकळा ठिवून. ती रेकॉर्डसुदिक ऐकली परत. त्या बाईला मधी एक जागा हाय, तिचा दम संपतो, सॅक्सोफोन थांबतो, नुसता श्वास ऐकू येतो, आन मग ती परत सुरू करती. मला वाटतं त्या श्वासात कुनीतरी दार वाजवलं आसल. मी झोपेत हुते.

आन भ्या अजून गेलं न्हाई. मीठ संपलं म्हनून फोन केला तरी तिकडून पयला शब्द, "काय झालं?" आन मला "काई न्हाई" म्हनता येत न्हाई. तोंडापोतर येतं आन मी गिळते. आता चिऊ बोलती, तर फोन लावला की आधी तिच्या तोंडाशी धरते. ती म्हनती, पप्पा. तिकडं ह्यांचा श्वास सुटल्याचा ऐकू येतो. मगच मी बोलते. काल ती आत्याबाईंसंगं रानात गेल्ती आन गॅसवाला आला हुता, ह्यांना इचारायचं हुतं, तर मी गॅसवाल्याला माघारी लावला. फोन केला न्हाई.

त्या दिवशी फोन ठिवल्यावर मी परत लावला हुता. जनाक्का म्हनली, "अगं पोरीला रडव, आवाज ऐकव त्याला." दोन रातींनी झोपलेलं लेकरू, ताप नुकता उतरलेला. मी तिच्या मांडीला चिमटा काढला. जोरात. ती दचकून उठली, माझ्याकडं बघितलं, आन असं रडली की मागं कधी रडली न्हाई. मी फोन तिच्या तोंडाला लावून धरला. तिकडं रिंग वाजत हुती. पोरगी रडत हुती आन रिंग वाजत हुती, आन दारातली समदी मानसं गप उभी राहून ऐकत हुती, आन रिंग वाजत हुती. तिच्या मांडीवरचा निळा डाग मी आठवडाभर तेल लावून चोळत हुते.

लोक सांगत्यात, आधीच रडवायची हुती. कुनी म्हनतं शिव्या द्यायच्या हुत्या, मयताच्या घरात कुनी शिव्या देत न्हाई. कुनी म्हनतं फोनच करायचा नव्हता. समदं मागून सांगत्यात. मी तुमाला इचारते. नवरा गाडीवर हाय, फोन कानाला हाय, मागं सासू रडतीय, पोरगी खरंच शांत झोपलीय, घरात खरंच काई झालेलं न्हाई, आन तो इचारतोय काय झालं. तुमी काय म्हनला असता?